पंचेचाळीसनं पळते आणि लायसनही लागत नाही?

वाचकाचं पत्र :

काका, नमस्कार. आम्ही पुण्यात, धायरीत, डीएसके विश्वच्या चढावर राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझं ऑफिस स्वारगेटजवळ, म्हणजे जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. मुलगा बारावीला आहे, वय सतरा. त्याचा क्लास टिळक रोडला. सासरे अडुसष्ट वर्षांचे. त्यांना सकाळी भाजी, देऊळ आणि मित्रांचा कट्टा एवढ्यापुरती गाडी हवी असते. त्यांच्या लायसनची मुदत तीन वर्षांपूर्वी संपली. घरातली अॅक्टिव्हा आता बारा वर्षांची झाली, पेट्रोल पिते.

एका दुकानदाराने ६८ हजारांची इलेक्ट्रिक गाडी दाखवली. म्हणाला, ‘२५० वॅटची आहे, लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. घरातलं कोणीही चालवा. एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर. स्पीड पंचवीसला लॉक असतो, पण मी वायर काढून देतो, मग पंचेचाळीसनं पळते.’ दुसरीकडे शोरूममध्ये नंबरवाली स्कूटर १ लाख २० हजारांना आहे, बॅटरी २.९ किलोवॅट-तासाची. मुलगा म्हणतो, पहिली घे, बावन्न हजार वाचतात आणि मलाही नेता येईल. मिस्टर म्हणतात, काकांना विचार. कुठली घेऊ?

– एक आई, धायरी

उत्तर :

ताई, तुमच्या दुकानदाराने दोन वाक्यं एका दमात म्हटली. त्यातलं प्रत्येक वाक्य सुटं सुटं खरं असू शकतं, दोन्ही एकाच गाडीबद्दल खरी असू शकत नाहीत. लायसन लागत नाही ते गाडी पंचवीसच्या वर जात नाही म्हणून. ती पंचेचाळीसनं पळायला लागली त्या क्षणी लायसन, पासिंग आणि इन्शुरन्स तिन्ही लागू होतात. वायर दुकानदार कापणार आणि त्यापुढचं सगळं तुमच्या नावावर येणार.

नियम असा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची व्याख्या आहे. मोटरची तीस मिनिटांची पॉवर २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपर्यंत, या अटी एकदम पाळल्या तर ती गाडी कायद्याच्या दृष्टीने ‘मोटार वाहन’ नाही. सायकल जशी नाही तशीच. म्हणून तिला नंबर नाही, लायसन नाही, विमा नाही, आणि कायद्याची हेल्मेटसक्तीही नाही. (यावर पुण्यात आनंदोत्सव होऊ शकतो याची मला कल्पना आहे. डोकं मात्र पंचवीसच्या वेगातही फुटतं.) पेडल मारता येणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलींनाही असंच आहे: २५० वॅटच्या आतली मदतनीस मोटर, आणि पंचविसाला पोचेपर्यंत ती मदत कमी होत होत बंद झाली पाहिजे.

‘तीस मिनिटांची पॉवर’ म्हणजे काय, हे दुकानात कोणी सांगत नाही. मोटर न तापता अर्धा तास सलग देऊ शकते ती ताकद. थोडा वेळ तीच मोटर त्याहून जास्त जोर लावू शकते. म्हणून कागदावर २५० वॅट लिहिलेल्या गाडीत ‘पीक पॉवर’ म्हणून मोठा आकडा दिसला तर लगेच खोटं समजू नका. पण सलग पंचेचाळीसनं पळणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा हिशोब मी तुमच्यासाठी कागदावर केला, कारण चाळीस वर्षं भोसरीत मोटरींशी झटापट केल्यावर ही खोड जात नाही.

गाडी, बॅटरी आणि तुम्ही मिळून १६५ किलो धरा. सपाट रस्त्यावर पंचवीसनं जायला चाकाशी पावणेतीनशे-तीनशे वॅट लागतात. म्हणजे नियम करणाऱ्यांनी २५० आणि २५ हे आकडे उगीच जोडीनं ठेवलेले नाहीत. आता वेग पंचेचाळीस करा. टायरचं घर्षण तेवढंच राहतं, पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वातीन पट होतो. मग लागतात सुमारे हजार वॅट, म्हणजे एक किलोवॅट. तेव्हा एक तर त्या मोटरवरचं ‘२५० वॅट’ हे लेबलच खोटं आहे, नाही तर खरी २५० ची मोटर चौपट ताणली जाणार आणि एप्रिलच्या दुपारी वडगावच्या पुलावर मान टाकणार. तिसरी शक्यता मला दिसत नाही.

हाच सव्वातीनचा आकडा ब्रेकलाही लागतो. पंचेचाळीसच्या वेगातली गाडी थांबवायला ब्रेकला पंचवीसच्या सव्वातीन पट ऊर्जा खायला लागते. पंचवीससाठी बसवलेले ब्रेक, पंचवीससाठी निवडलेले टायर, तेवढ्याच हिशोबाचा सांगाडा, म्हणजे चेसिस. वायर कापली म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत.

आणि ही फक्त तांत्रिक कुरबुर नाही. वेग वाढवलेल्या अशा गाड्यांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये मोहीम काढली होती. चौकात पोलिसांनी थांबवलं तर गाडी विनानोंदणी, चालवणारा विनालायसन, विमा नाही, असे तीन वेगळे गुन्हे लागतात. एकट्या लायसनविना चालवण्याला कायद्यात ५,००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, भरून टाकाल. पण त्या गाडीने एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उडवलं तर भरपाई कोण देणार? विमा कंपनी तर नाहीच, कारण विमाच नाही. कोर्ट गाडीमालकाकडे बघेल. मालक तुम्ही.

आता मुलाचं. तो सतरा वर्षांचा आहे, म्हणून हे जरा सावकाश वाचा आणि त्यालाही वाचायला द्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायची जबाबदारी पालकाची. तुम्ही तर मला पत्रच लिहून बसला आहात. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन असतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. शोरूममधली स्कूटर त्यात बसवायच्या भानगडीत पडू नका. अठरा पूर्ण झाले की शिकाऊ लायसन काढा, तोपर्यंत टिळक रोडला पीएमपीची बस जाते. पेडलवाली इलेक्ट्रिक सायकल हाही त्याच्यासाठी बरा मार्ग आहे, पण ती सतराव्या वर्षी ‘कूल’ दिसत नाही, हे मला घरच्या अनुभवावरून ठाऊक आहे.

मी या सगळ्यावर इतकं का बोलतो, तर मीही एकदा फसलोय. दहा-बारा वर्षांपूर्वी बायकोसाठी अशीच बिननंबरची गाडी घेतली होती. तेव्हा आम्ही कोथरूडला. वायर वगैरे कापली नव्हती, प्रामाणिक पंचवीसची गाडी होती. सपाटीला मजेत चालायची. एकदा दोघं मिळून बावधनला निघालो आणि चांदणी चौकाच्या चढावर ती हळू हळू होत उभीच राहिली. सौ. खाली उतरल्या. मी बसून राहिलो आणि गाडी निघाली. सौ. शेजारून चालत आल्या, आणि खरं सांगतो, वर त्या माझ्याआधी पोचल्या. पुढचे चौदा महिने ती मंडईपुरती वापरली, तोवर तिच्या लेड-अॅसिड, म्हणजे जुन्या पद्धतीच्या शिशाच्या बॅटऱ्यांनी वीस किलोमीटरवर हात टेकले. दुकानात गेलो तर त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकायला ठेवलेली.

त्या वेळी हा हिशोब आधी केला असता तर सौं.चे श्रम वाचले असते. शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता धरा, पुण्यात असे भरपूर आहेत. गाडी आणि एक माणूस मिळून १६५ किलो असतील तर २५० वॅटमध्ये तुम्ही ताशी सात-आठ किलोमीटरने चढता. मागे साठ किलोचा माणूस बसला की पाच-साडेपाच. तो चालण्याचा वेग आहे. तुम्ही राहता चढावर, रोज संध्याकाळी दमून घरी येता तेव्हा शेवटचा टप्पा हाच. म्हणजे कायद्याने चोख असलेली पंचवीसवाली गाडीसुद्धा तुमच्या रोजच्या ऑफिससाठी नाही.

हा चढाचा मुद्दा पुण्यात इतका महत्त्वाचा आहे की शोरूमच्या पत्रकात तो का नसतो असं मला वाटत राहतं. पत्रकात रेंज असते. तिथे ‘आयडीसी रेंज’ लिहिलेली असते, म्हणजे भारतीय ड्रायव्हिंग चक्रावर मोजलेली. हे चक्र म्हणजे प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठरावीक पद्धतीने कमी-जास्त वेगाने पळवायची. त्यातला कमाल वेग ४२ किलोमीटर, सरासरी बावीसच्या आसपास. चढ नाही, मागे बसलेला माणूस नाही, नवले पुलाकडून येणारा वारा नाही. आकडा खोटा नसतो, तुमचा नसतो इतकंच. वेगवेगळ्या गाड्या आपापसांत ताडून बघायला तो वापरा, घरी किती पोचाल ते काढायला नको.

घरी किती पोचाल ते काढायचं असेल तर लाइट बिलावरचं युनिट आठवा. बॅटरीवर लिहिलेला एक किलोवॅट-तास म्हणजे तेच एक युनिट. किलोवॅट-तास लिहिलेले नसतील आणि व्होल्ट व अँपिअर-तास असतील तर गुणाकार करा. साठ व्होल्ट, सव्वीस अँपिअर-तास म्हणजे १,५६० वॅट-तास, दीड युनिट. तुमच्या दुकानदाराच्या गाडीत साधारण एवढ्याच बॅटऱ्या असतात, आणि त्याही बहुधा लेड-अॅसिडच्या. त्याला बॅटरीचा प्रकार नक्की विचारा. दीड युनिटमध्ये शंभर किलोमीटर म्हणजे किलोमीटरला साडेपंधरा वॅट-तास. एकटा सडपातळ माणूस, सपाट रस्ता, कुठेही न थांबता वीसच्या वेगाने गेला तर जमेलही. सिंहगड रोडवर न थांबता कोणी गेलेलं मला माहीत नाही. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण उपसली की तिचं आयुष्य भराभर संपतं, म्हणून वापरायचं ते सत्तर टक्के. किलोमीटरला वीस वॅट-तास धरले तर नव्या बॅटरीत पंचावन्न किलोमीटर. वायर कापून पंचेचाळीसनं पळवली तर चाळीसच्याही आत. वर्ष-दीड वर्षाने काय उरेल ते चांदणी चौकाला विचारा.

आता शोरूमची २.९ ची स्कूटर. रहदारीत एक माणूस चाळीस-पंचेचाळीसनं जात असेल तर किलोमीटरला तीस वॅट-तास हा मी धरतो तो आकडा. वापरण्याजोगी बॅटरी नव्वद टक्के धरली तर सत्त्याऐंशी किलोमीटर. तुमचं रोजचं येणं-जाणं बावीस. तेव्हा रेंजची चिंता सोडा, तीन दिवसांतून एकदा चार्जिंगला लावलीत तरी चालेल. मागे कोणी बसलं, पाऊस असला, स्पोर्ट मोड लावला की त्यातले वीस-पंचवीस किलोमीटर कमी होतील, तरीही भरपूर आहे. म्हणून ३.५ किंवा ४ युनिटवाल्या महाग मॉडेलसाठी आणखी वीस हजार घालू नका. शोरूमचा मुलगा आग्रह करेल. करू दे.

एक अपवाद सिंहगडाचा. पावसाळ्यात रविवारी भजी खायला जायची तुमच्या घरात पद्धत असेल तर हे लक्षात ठेवा. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो असतील तर दर शंभर मीटर उंचीला, मोटरमधली घट धरून, ऐंशी-पंच्याऐंशी वॅट-तास जास्तीचे जातात, म्हणजे पावणेतीन किलोमीटरची रेंज. किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर उंच. धायरीतून निघालात तर सातशे मीटरच्या आसपास चढायचे आहेत. रस्त्याचं अंतर वेगळं आणि हे वीसेक किलोमीटर त्याच्यावर. शिवाय घाटात मोटर तापली की गाडी स्वतःहून ताकद कमी करते. ते बिघाड नाही, तिने स्वतःला वाचवलेलं असतं. मोटर मागच्या चाकातच असेल तर ही वेळ लवकर येते, चेसिसवर बसवून बेल्टने चाक फिरवणाऱ्या रचनेत मोटरला वारा मिळतो आणि गिअरचा फायदाही. उतरताना रिजनरेशनने, म्हणजे मोटर जनरेटरसारखी उलटी वापरून, थोडी वीज परत मिळते, पण एक गंमत आहे. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना ती परत घ्यायला जागाच नसते. म्हणून सकाळी पूर्ण चार्ज करून डीएसके विश्वचा उतार उतराल तेव्हा गाडी नेहमीसारखी मागे ओढणार नाही. ब्रेकवर बोटं ठेवा. पहिल्या दिवशी बऱ्याच जणांची इथे तंतरते.

टॉर्कचा, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या जोराचा आकडा ऐकून भारावू नका. कोणी मोटरशी मोजलेला सांगतो, कोणी चाकाशी, आणि मधल्या गिअरमुळे दुसरा आकडा कितीतरी पट मोठा दिसतो. दोन पत्रकांतले टॉर्क शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे शेर आणि किलो एका तराजूत घालणं. त्यापेक्षा टेस्ट राइडला शोरूमभोवती चक्कर न मारता गाडी तुमच्या चढावर आणायला सांगा. मिस्टरांना मागे बसवा. बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली असताना चालवायला मिळाली तर फार उत्तम, कारण बऱ्याच गाड्या तिथून ताकद आवरायला लागतात आणि तुमच्या आयुष्यात संध्याकाळी सात वाजता तीच स्थिती असणार. चढाच्या मध्यावर पूर्ण थांबा आणि पुन्हा निघा. बाकी सगळं पत्रकात आहे, हे एवढंच नाही.

कागदांकडे येऊ. आपल्या वेताळ टेकडीला अर्धं पुणं ‘एआरएआय टेकडी’ म्हणतं. फिरायला जाणाऱ्यांना त्या अक्षरांचा अर्थ विचारला तर निम्मे गप्प बसतील. ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ पासूनची संस्था, आणि तुम्ही घेणार ती गाडी विकण्याजोगी आहे की नाही याचं प्रमाणपत्र अशाच संस्था देतात. दुसरी हरियाणात मानेसरला आहे, आयकॅट. दुकानदाराला सांगा, या मॉडेलचं प्रमाणपत्र दाखव. ‘कंपनीकडे असतं’ हे उत्तर चालणार नाही. प्रमाणपत्रावरचं मॉडेलचं नाव आणि गाडीवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. त्यात वेग पंचवीस लिहिलेला असेल आणि समोर गाडी पंचेचाळीसनं पळत असेल तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

नंबरवाल्या स्कूटरला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं मिळतात. वेगळं इलेक्ट्रिक लायसन वगैरे काही नसतं, तुमचं अॅक्टिव्हाचं लायसन चालतं. नोंदणीचं शुल्क केंद्राने २०२१ मध्ये बॅटरीवरच्या गाड्यांना माफ केलं, तेव्हा कोटेशनमध्ये ‘आरटीओ’ या नावाखाली जाडजूड रक्कम दिसली तर कशाची ते फोडून मागा. थर्ड पार्टी विमा नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. सीसीऐवजी मोटरच्या किलोवॅटवरून त्याचे टप्पे आहेत आणि इलेक्ट्रिकला २०२२ पासून पंधरा टक्के सवलत आहे. जीएसटी पाच टक्के. हेल्मेट गाडीसोबत मिळायला हवं, ते मागून घ्या. ‘अॅक्सेसरी किट’ मात्र सक्तीचं नाही, पायपुसणीचे अठराशे रुपये देऊ नका.

सबसिडीवर उड्या मारून ‘आजच बुक करा’ म्हणणाऱ्यांना फार भीक घालू नका. केंद्राची मदत गेली काही वर्षं आटतच आली आहे. जून २०२१ मध्ये ती किलोवॅट-तासाला १५,००० रुपये होती, जून २०२३ मध्ये १०,००० झाली. केंद्राच्याच पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १ ऑक्टोबर २०२४ पासून ५,००० आणि एप्रिल २०२५ पासून २,५००, तीही गाडीला जास्तीत जास्त ५,०००. म्हणजे एक लाख वीस हजारांत जो फरक पडतो तो आता किरकोळ आहे. मिळत असेल ती रक्कम बिलावर वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. राज्याच्या २०२५ च्या धोरणातल्या द्रुतगती मार्गाच्या टोलमाफीचंही कोणीतरी तुम्हाला सांगेल. ती चारचाकींसाठी आहे, दुचाकीला त्या रस्त्यावर चढूच देत नाहीत.

पैशांचा हिशोब तुम्ही विचारला नाहीत, पण मिस्टर विचारतील. महिन्याला सव्वीस दिवस आणि दिवसाला पंचवीस किलोमीटर, म्हणजे ६५० किलोमीटर. तुमचा चढ आणि चार्जरमधली घट धरून पंचवीस-सव्वीस युनिट. युनिट बारा रुपयांनी पकडलं तरी तीनशे-सव्वातीनशे रुपये. अॅक्टिव्हा पंचेचाळीसचं अॅव्हरेज देत असेल तर साडेचौदा लिटर पेट्रोल, शंभरच्या वरच्या भावाने पंधराशे. महिन्याला बाराशेच्या आसपास वाचतील. महावितरणच्या बिलात टप्पे असतात हे विसरू नका. तुमचं बिल आत्ता नव्वद युनिटवर थांबत असेल तर ही सव्वीस युनिटं तुम्हाला शंभरच्या पुढच्या महाग टप्प्यात ढकलतील.

चार्जिंग. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, म्हणजे बॅटरी निघणारी असली तरी ती काढून वर नेणं हे दळणाचा जड डबा रोज वर नेण्यासारखं. दोन आठवडे हौस टिकेल. गॅलरीतून वायर खाली सोडण्याचा विचार मिस्टरांच्या डोक्यात आला असणार, तो काढून टाका. तुमच्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर ओढा. परवानाधारक इलेक्ट्रिशियन, १६ अँपिअरचा सॉकेट, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग तपासून. घरच्या चालू जोडणीवरून इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट मुभा आहे. कमिटीतले कोणी ‘आग लागली तर?’ म्हणाले की हा कागद आणि इलेक्ट्रिशियनचं बिल दोन्ही समोर ठेवा.

आगीची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. मार्च २०२२ मध्ये आपल्याच लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्या उन्हाळ्यातल्या अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. म्हणून जुनी, सेकंडहँड, त्या आधीची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. घरी पोचल्या पोचल्या तापलेल्या बॅटरीला चार्जर लावू नका, चहा होऊ द्या. गाडीचाच चार्जर वापरा. जिन्याखाली, बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नको. आणि बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहून आत पाणी शिरलं नाही एवढाच. नदीकाठच्या एकतानगरीत पाणी भरल्यावर त्यातून गाडी हाकायचा तो परवाना नाही.

सासऱ्यांचं राहिलं. त्यांच्या लायसनची मुदत संपून एक वर्षाच्या वर झालंय, त्यामुळे नुसतं नूतनीकरण होणार नाही, डॉक्टरांच्या दाखल्यासह पुन्हा चाचणी द्यावी लागेल. मिळालं तर पाच वर्षांचं मिळेल. गंमत म्हणजे अख्ख्या घरात बिननंबरची पंचवीसवाली गाडी कोणाला खरोखर शोभत असेल तर त्यांनाच. देऊळ आणि कट्टा खालच्या सपाटीवर असेल, मागे कोणी बसणार नसेल आणि वायर जागेवर असेल तर. पण रोज तुमचा चढ त्यांनी तशा गाडीवर एकट्याने ताशी सातच्या वेगाने चढावा, मागून पाण्याचा टँकर येत असताना, हे मला पटत नाही. त्यांनी आधी चाचणी द्यावी. पास झाले तर तुम्ही सुट्टीच्या दिवशी घरी असताना हीच स्कूटर इको मोडमध्ये त्यांना द्या. नापास झाले तर तो प्रश्न गाडीचा नव्हता असं समजा आणि रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवा.

तेव्हा शोरूमची घ्या. वाचणाऱ्या बावन्न हजारांत तुम्ही लिथियमची बॅटरी, खरे ब्रेक, विमा आणि चढ विकताय. आत्ता बजेट जुळत नसेल तर सहा महिने थांबा, अॅक्टिव्हा ट्यून करून घ्या, ती गरीब गाडी काढेल तेवढे दिवस. सही करण्याआधी बॅटरीची वॉरंटी लेखी वाचा. किती वर्षं हे मोठ्या अक्षरात असतं, बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार हे बारीक अक्षरात. ते बारीक अक्षर वाचा. सर्व्हिस सेंटर धायरी-वडगाव-नऱ्हे पट्ट्यात आहे का, तेही स्वतः जाऊन बघा आणि बाहेर किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते मोजा.

आणि गाडी घरी आणण्याआधी मीटर रूमची चावी कोणाकडे असते ते विचारून ठेवा. आमच्या सोसायटीत ती सेक्रेटरींच्या कपाटात होती, आणि सेक्रेटरी तीन महिने मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते.